होम थिएटर रिसीव्हर घेताय? संगणकातला आवाज स्पीकरपर्यंत कसा पोचतो ते आधी बघा

षड्ज

रिसीव्हर म्हणजे आवाज उलगडून, वाढवून स्पीकरना देणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर डॉल्बी, डीटीएस, एचडीएमआय अशी चिन्हं ओळीनं छापलेली असतात. ती बघून खरेदी होते, संगणक जोडला जातो आणि आवाज येतो तो पुढच्या दोनच स्पीकरमधून. रिसीव्हर सहसा बिघडलेला नसतो. चिन्हाचा अर्थ एवढाच, की त्या प्रकारचा प्रवाह आत आला तर रिसीव्हर तो उलगडेल. आता तुमच्या संगणकातून तो आत येणार का, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी हा धागा.

पहिली गोष्ट ठरवायची ती ही, की फाइलमधला आवाज उलगडणार कोण, संगणक की रिसीव्हर?

संगणकानं उलगडला तर रिसीव्हरकडे जातो पीसीएम, म्हणजे प्रत्येक चॅनेलचे कच्चे नमुने. एचडीएमआयवरून ८ चॅनेल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत पीसीएम जाऊ शकतं. यात रिसीव्हरवर कुठलंच चिन्ह नसलं तरी ५.१ किंवा ७.१ (पाच किंवा सात स्पीकर आणि एक सबवूफर) नीट वाजतं, कारण त्याला उलगडायचं काही उरतच नाही. डॉल्बीचं ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेवरचे दोन्ही प्रकार लॉसलेस आहेत, म्हणजे दाबताना त्यांतलं काही गमावलं जात नाही. त्यामुळे चांगल्या प्लेअरनं ते संगणकात उलगडले तरी गुणवत्तेत घट होत नाही.

रिसीव्हरनं उलगडायचा असेल तर प्लेअरनं फाइलमधला प्रवाह हात न लावता पुढे सोडायचा. याला बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू म्हणतात. चित्रपटांच्या अ‍ॅटमॉस आणि डीटीएस:एक्स (छताचे स्पीकरही वापरणारे प्रकार) फाइलींसाठी हाच मार्ग, कारण आवाज खोलीत कुठे ठेवायचा ही माहिती त्या प्रवाहात असते. साध्या प्लेअरनं तो उलगडला की ७.१ हाती लागतं आणि छताच्या स्पीकरची माहिती गळून पडते.

म्हणून छतावर स्पीकर लावायचे नसतील तर अ‍ॅटमॉसच्या चिन्हासाठी वरचं मॉडेल घेऊ नका. लावायचे असतील तर अ‍ॅम्प्लिफायरचे चॅनेल मोजा. ७ चॅनेलच्या रिसीव्हरवर ५.१.२ (शेवटचा आकडा छताच्या स्पीकरांचा) होतं, ५.१.४ ला ९ लागतात. काही मॉडेलांत ७ अ‍ॅम्प्लिफायर असतात पण प्रक्रिया ९ चॅनेलची असते. तिथे उरलेल्या दोघांसाठी प्री-आउट (न वाढवलेला सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) वापरून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागतो.

---

मुक्ता_र

संगणकाच्या मदरबोर्डला ऑप्टिकल आहे आणि रिसीव्हरलाही. एचडीएमआयचा व्याप न करता ऑप्टिकलनं ५.१ मिळेल ना?

---

षड्ज

मिळेल, पण सगळ्या फाइलींना नाही. ऑप्टिकलवरून तीनच गोष्टी जातात: दोन चॅनेल पीसीएम, डॉल्बी डिजिटल (कमाल ६४० केबीपीएस) आणि साधं डीटीएस (सुमारे १.५ एमबीपीएस). पाच चॅनेलचं पीसीएम जात नाही. डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रूएचडी, डीटीएस-एचडी हेही नाही.

त्यामुळे गेम खेळताना ऑप्टिकलवर फक्त स्टीरिओ येतो. गेमचा आवाज पीसीएम म्हणून तयार होतो आणि ५.१ पीसीएमला या तारेत जागा नाही. साउंड चिपमध्ये डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट असेल तर तो आवाज जागच्या जागी दाबून ५.१ पाठवता येतो. विकत घेण्यापूर्वी मदरबोर्डच्या तपशिलात हे दोन शब्द शोधा.

चित्रपटांच्या फाइलींत आणखी एक बारकावा आहे. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या पोटात साध्या डीटीएसचा गाभा असतो. ऑप्टिकलवर प्लेअर तेवढा गाभा काढून पाठवतो आणि ५.१ वाजतं. ट्रूएचडीला असा गाभा नसतो. ब्लू-रे डिस्कवर त्याच्या जोडीला डॉल्बी डिजिटलचा वेगळा ट्रॅक असतो, पण फाइल बनवताना जागा वाचवायला तो पुष्कळदा काढून टाकला जातो. मग अशा फाइलीचा आवाज एकतर दोन चॅनेलमध्ये येतो किंवा येतच नाही. कोडी या प्लेअरमध्ये यावर उपाय आहे: पासथ्रू चालू करा, चॅनेलची संख्या २.० ठेवा आणि डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग चालू करा. चॅनेल ५.१ ठेवलेत तर तो पर्याय दिसणारच नाही, लोक इथेच अडकतात.

---

तारयंत्र

एचडीएमआयबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक चुकीची खरेदी इथे होते.

आकडे असे. आवृत्ती १.३ (२००६) पासून ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीचा बिटस्ट्रीम जाऊ लागला. १.४ (२००९) मध्ये एआरसी (टीव्हीतला आवाज त्याच तारेनं रिसीव्हरकडे परत पाठवण्याची सोय) आलं आणि ४के आलं, पण ३० हर्ट्झपर्यंतच. २.० (२०१३) मध्ये वहनक्षमता १८ जीबीपीएस झाली आणि ४के ६० हर्ट्झ शक्य झालं. २.१ (२०१७) मध्ये कमाल ४८ जीबीपीएस, शिवाय ई-एआरसी (एआरसीची वाढीव आवृत्ती) आणि व्हीआरआर (गेमच्या गतीनुसार बदलणारा रिफ्रेश दर).

संगणकाला हे सेट-टॉप बॉक्सपेक्षा जास्त नडतं. चित्रपट बहुतेक २४ फ्रेमचा असतो आणि ४के, २४ हर्ट्झ, १२ बिट, पूर्ण रंग असला तरी साडेतेरा जीबीपीएसच्या आत भागतं. पण डेस्कटॉप ६० हर्ट्झला चालतो. ४के, ६० हर्ट्झ, ४:४:४ (पूर्ण रंग), ८ बिटला १७.८ जीबीपीएस लागतात, म्हणजे २.० मध्ये जेमतेम बसतं. एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) तेच १० बिट केलं की २२ च्या वर जातं आणि बसत नाही. मग ड्रायव्हर गुपचूप ४:२:२ किंवा ४:२:० (रंगाचा तपशील कमी केलेले प्रकार) वर उतरतो. ४:२:० मध्ये चित्रपट छानच दिसतो, पण डेस्कटॉपवरची अक्षरं, विशेषतः लाल-निळी, कडेला फुटतात. त्याचं खापर टीव्हीवर फोडलं जातं.

खरेदीपूर्वी बघायच्या गोष्टी:

'२.१' या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक पोर्टची जीबीपीएस किती, ते मॅन्युअलच्या शेवटच्या तक्त्यात बघा. '८के' लिहिलेल्या रिसीव्हरमध्येही सहा-सात इनपुटपैकी एकदोनच वेगवान असतात, आणि त्यांतही काही ४० चे तर काही २४ चे. ४के १२० हर्ट्झ, १० बिट, पूर्ण रंग हवा असेल तर ४० लागतात. २०२० मध्ये या वर्गाची पहिली मॉडेलं आली तेव्हा काहींच्या चिपमध्ये दोष होता आणि काही ग्राफिक्स कार्डांचं ४के १२० त्यांतून जात नव्हतं. त्या काळातला जुना नग घेत असाल तर त्याची दुरुस्ती झाली आहे का, हे विचारूनच घ्या.

एचडीसीपी २.२ त्याच पोर्टवर आहे का? कॉपी-संरक्षित ४के प्रवाहासाठी संगणक, रिसीव्हर आणि टीव्ही तिघांकडे ते लागतं. एकाकडे नसेल तर चित्र १०८०पी वर येतं किंवा काळा पडदा दिसतो. स्वतःच्या संरक्षणविरहित फाइलींना याची बाधा नाही.

आणि रिसीव्हर घरी आल्यावर: बऱ्याच मॉडेलांत पूर्ण १८ जीबीपीएस मुळात बंद असतं. व्हिडिओ सेटअपमध्ये ४के सिग्नलचा प्रकार 'स्टँडर्ड'वरून 'एन्हान्स्ड' करावा लागतो. कंपनीगणिक नाव थोडं वेगळं असतं. हे न केल्यामुळे 'एचडीआर दिसत नाही' म्हणून परत गेलेले रिसीव्हर निव्वळ सेटिंगमुळे परत गेलेले असतात.

---

मुक्ता_र

मग असं केलं तर? संगणक सरळ टीव्हीला आणि टीव्हीतून रिसीव्हरला एआरसी. म्हणजे रिसीव्हर जुना असला तरी चित्राला अडचण नाही.

---

तारयंत्र

चित्रासाठी हा मार्ग उत्तम. आवाजासाठी दोन अटी आहेत.

साधं एआरसी असेल तर मर्यादा साधारण ऑप्टिकलसारख्याच, फक्त डॉल्बी डिजिटल प्लस बहुतेक ठिकाणी जास्तीचं मिळतं. त्यामुळे स्ट्रीमिंगमधलं अ‍ॅटमॉस येतं, डिस्कवरून घेतलेल्या ट्रूएचडीतलं येत नाही. ई-एआरसीवर सुमारे ३७ एमबीपीएस मिळतात. ट्रूएचडी कमाल १८ आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ कमाल २४.५ एमबीपीएसला जातं, म्हणजे दोन्ही आरामात बसतात, शिवाय ८ चॅनेल पीसीएमही. पण ई-एआरसी टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडे हवं.

दुसरी अट टीव्हीची. संगणक आता टीव्हीशी बोलतो, त्यामुळे टीव्ही जे प्रकार 'मला कळतात' म्हणून सांगेल तेच संगणक पाठवतो. अनेक टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत. संग्रहात डीटीएसच्या फाइली जास्त असतील तर टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये डीटीएस पासथ्रू हा शब्द शोधा. नसेल तर प्लेअरमध्ये डीटीएसचा पासथ्रू बंद करून तेवढंच पीसीएम करून पाठवा.

तिसरा मार्ग म्हणजे ग्राफिक्स कार्डाची एक तार मॉनिटर किंवा टीव्हीला आणि दुसरी एचडीएमआय फक्त आवाजासाठी रिसीव्हरला. गेम खेळणाऱ्यांसाठी हा चांगला आहे, १४४ हर्ट्झचा मॉनिटर रिसीव्हरमधून न्यावा लागत नाही. मात्र विंडोजला रिसीव्हर म्हणजे दुसरा पडदा वाटतो आणि माउस त्या अदृश्य पडद्यावर निघून जातो. डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पडदा कोपऱ्याला कोपरा लागेल असा तिरपा सरकवून ठेवला की हा त्रास जवळजवळ थांबतो. पडदा पूर्ण बंद करू नका, आवाजही बंद होईल.

---

अनुनाद

जोडणी बरोबर असूनही दोनच चॅनेल येत असतील तर विंडोजवर या क्रमानं बघा.

आधी टीव्ही चालू, मग रिसीव्हर, शेवटी संगणक. रिसीव्हर आपली क्षमता ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून संगणकाला सांगतो. रिसीव्हर बंद आणि स्टँडबाय पासथ्रू (बंद असतानाही सिग्नल टीव्हीकडे सोडण्याची सोय) चालू असेल तर संगणकाला थेट टीव्हीची नोंद मिळते: दोन चॅनेल पीसीएम. नंतर रिसीव्हर चालू केला तरी काही वेळा जुनीच नोंद धरून ठेवली जाते. एचडीएमआय काढून पुन्हा लावा.

मग कंट्रोल पॅनेलमधलं जुनं साउंड पॅनेल उघडा. प्लेबॅकमध्ये एचडीएमआय उपकरणाच्या गुणधर्मांत 'सपोर्टेड फॉरमॅट्स'चं पान असतं. रिसीव्हरनं सांगितलेले सगळे प्रकार तिथे दिसतात आणि प्रत्येकाची चाचणीही घेता येते. ट्रूएचडी तिथे दिसत नसेल तर प्लेअरच्या सेटिंगशी झटापट करून काहीही होणार नाही, आधी जोडणीतला दोष शोधा. वापरलेला रिसीव्हर घेताना लॅपटॉप नेऊन हे एक पान बघितलं तर विक्रेत्याच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कळतं.

त्यानंतर 'कॉन्फिगर'मध्ये ५.१ किंवा ७.१ निवडा आणि सगळ्या स्पीकरांना 'फुल रेंज'ची खूण करा. खोल आवाज सबवूफरकडे वळवायचं काम रिसीव्हरकडे असू द्या. दोघांनी ते केलं तर आवाज पोकळ होतो.

'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये एक्स्क्लुझिव्ह मोडच्या दोन्ही खुणा चालू ठेवा. बिटस्ट्रीम चालू असताना विंडोजला त्यात दुसरा आवाज मिसळता येत नाही, म्हणून प्लेअरला उपकरणाचा पूर्ण ताबा लागतो. याच कारणानं पासथ्रूमध्ये संगणकाचा व्हॉल्यूम चालत नाही, रिसीव्हरचाच वापरायचा.

शेवटी प्लेअर. एमपीसी-एचसी वापरत असाल तर एलएव्ही ऑडिओ डीकोडरमध्ये बिटस्ट्रीमिंगच्या चौकटी असतात, रिसीव्हर जे उलगडतो तेवढ्यांवरच खूण करा. कोडीमध्ये सेटिंगची पातळी 'एक्स्पर्ट' करा, आउटपुट उपकरण वासापी (विंडोजचा ऑडिओ इंटरफेस) गटातलं निवडा, मगच ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीचे पर्याय कामाला येतात.

गेमचं अ‍ॅटमॉस वेगळं आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं डॉल्बी अ‍ॅक्सेस अ‍ॅप घेऊन 'होम थिएटरसाठी अ‍ॅटमॉस' चालू करा. हा पर्याय फुकट आहे, पैसे पडतात ते हेडफोनच्या पर्यायाला.

---

गारवा

प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो, हे कशामुळे? पॉज करून पुन्हा चालू केलं की हमखास होतं.

---

अनुनाद

पॉज केल्यावर प्रवाह थांबतो, रिसीव्हरचं कुलूप, म्हणजे प्रवाहाशी जुळलेली पकड, सुटतं. पुन्हा प्रवाह आला की प्रकार ओळखून कुलूप बसायला एखादा सेकंद जातो आणि तेवढा शब्द गिळला जातो. कोडीमध्ये 'ऑडिओ उपकरण जागं ठेवा' असा पर्याय आहे, तो 'नेहमी' करा. पीसीएम पाठवत असाल तर नमुनादर ४८ किलोहर्ट्झवर स्थिर ठेवल्यानंही फरक पडतो, दर बदलला की कुलूप पुन्हा बसवावं लागतं.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर ते वेगळं दुखणं. चित्र मागे असेल तर रिसीव्हरमधला ऑडिओ डिले १०-१० मिलिसेकंदांनी वाढवत जा. आवाज मागे असेल तर रिसीव्हर काही करू शकत नाही, तेव्हा प्लेअरमध्ये उणे आकडा द्यावा लागतो.

---

पेंग्विन

लिनक्सवाल्यांसाठी. ग्राफिक्स चिप जुनी असेल तर आधी तिच्याकडे बघा. ट्रूएचडी, डीटीएस-एचडीचा बिटस्ट्रीम एएमडीच्या रेडिऑन एचडी ५००० मालिकेपासून (२००९) मिळाला, इंटेल आणि एनव्हिडियाकडे २०१० पासून. त्याआधीच्या चिपला एचडीएमआय असलं तरी हे जमत नाही, म्हणजे जुना संगणक थिएटरला लावायचा असेल तर रिसीव्हर कितीही चांगला असून उपयोग नाही.

अल्सा या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीच्या प्रॉक फोल्डरमध्ये कार्डाखाली ईएलडी नावाच्या फाइली असतात. रिसीव्हर किती चॅनेल आणि कोणते प्रकार मान्य करतो ते तिथे साध्या मजकुरात वाचता येतं. पाइपवायर (लिनक्सचा नवा ऑडिओ सर्व्हर) असेल तर पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये आउटपुट उपकरणाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली प्रत्येक प्रकाराच्या चौकटी आहेत, त्यांवर खुणा केल्याशिवाय प्लेअरला पासथ्रू मिळत नाही. एमपीव्ही प्लेअरमध्ये ऑडिओ-एसपीडीआयएफ या पर्यायात प्रकारांची नावं स्वल्पविराम देऊन लिहायची. नाव जरी एसपीडीआयएफ (ऑप्टिकलवर वापरला जाणारा जोडणीचा प्रकार) असलं तरी एचडीएमआयलाही तोच पर्याय लागू आहे.

मॅकवर ट्रूएचडीच्या बिटस्ट्रीमची अपेक्षा ठेवू नका. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये स्पीकरची मांडणी करून ८ चॅनेल पीसीएम पाठवा, ते व्यवस्थित जातं.

---

रागमाला

धाग्याचा सगळा भर चित्रपटांवर आहे, म्हणून संगीताची बाजू मांडते. गाणी ऐकायला संगणक आणि टीव्ही दोन्ही चालू ठेवावे लागू नयेत, यासाठी रिसीव्हरचं नेटवर्क आणि यूएसबी महत्त्वाचं आहे. त्यातही चुकीच्या समजुती आहेत.

रिसीव्हरच्या पुढचं चौकोनी यूएसबी पोर्ट संगणक जोडण्यासाठी नसतं. तिथे पेन ड्राइव्ह लागतो, संगणकाची तार नाही. त्या पोर्टवरून बहुतेक रिसीव्हर फक्त गाणी वाजवतात, चित्रपटाची फाइल चालत नाही. ड्राइव्ह बहुधा फॅट३२ लागतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालेल असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर चालत नाही असंच धरून चाला. फॅट३२ मध्ये एका फाइलीची मर्यादा ४ जीबी, गाण्यांना ती पुरते. पोर्टवर बाहेरची हार्ड डिस्क लावायची असेल तर तिला स्वतःचा वीजपुरवठा असलेली बरी, कित्येक पोर्टना डिस्क फिरवण्याइतका करंट देता येत नाही.

नेटवर्कवर डीएलएनए सर्व्हर (घरच्या नेटवर्कवरून इतर उपकरणांना गाणी देणारा प्रोग्राम) लावायचा. मिनिमसर्व्हर गाण्यांसाठी फार चांगला, जेलीफिन किंवा प्लेक्स आधीच असेल तर तेही चालेल. रिसीव्हर घेताना तक्त्यात फ्लॅक या लॉसलेस फाइलप्रकारापुढे काय लिहिलंय ते बघा: २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ असेल तर स्टीरिओ संग्रहाला आणखी काही लागत नाही. एवढ्या दर्जाचं न दाबलेलं पीसीएमही ९.२ एमबीपीएस होतं, त्यामुळे वाय-फायला जड नाही, पण अडखळलं तर लॅनची तार लावून बघा. गॅपलेस आहे का हे आवर्जून तपासा. नसेल तर आलापातून बंदिशीत जाताना, दोन ट्रॅकच्या सांध्यावर, मध्येच शांतता येते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचं त्यानं फार नुकसान होतं.

५.१ चं फ्लॅक मात्र नेटवर्कवरून बहुतेक रिसीव्हर घेत नाहीत. ते संगणकातून एचडीएमआयनं पीसीएम करून पाठवायचं.

देवनागरी नावांच्या फाइली वाजतात, पण रिसीव्हरच्या छोट्या पडद्याकडे तेवढी अक्षरं नसतील तर नावाच्या जागी टिंबं दिसतात. फोनवरच्या अ‍ॅपमधून निवड केली की नावं नीट दिसतात.

---

षड्ज

रागमाला, संगीताबद्दल सहमत. तरी माझा आग्रह असा, की नेटवर्कच्या सोयींसाठी जास्त पैसे मोजू नयेत. रिसीव्हर दहा वर्षं टिकतो, त्यातल्या अ‍ॅपना तेवढी वर्षं अपडेट मिळत नाहीत. डीएलएनए ही संस्थाच २०१७ मध्ये विसर्जित झाली, प्रमाण टिकून आहे ते सवयीनं. तीच सोय संगणक किंवा एखादा छोटा स्ट्रीमर एचडीएमआयनं देतो आणि तो बदलता येतो. एचडीएमआय पोर्ट, डीकोडर, अ‍ॅम्प्लिफायरचे चॅनेल आणि प्री-आउट नंतर बदलता येत नाहीत. पैसे तिथे घाला.

---

रागमाला

हे मान्य, पण गॅपलेस फ्लॅक आत असलं की टीव्ही चालू न करता गाणं लागतं, आणि ही सोय आता खालच्या मॉडेलांतही असते. त्यासाठी वरचं मॉडेल घ्या असं मीही म्हणणार नाही.

---

गारवा

लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी आहे. त्यातून हे सगळं जमेल?

---

तारयंत्र

पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (यूएसबी-सीतून चित्र पाठवण्याची सोय) असेल तरच. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह असतं, नसेल तर लॅपटॉपच्या तपशिलात बघा. फक्त चार्जिंग आणि डेटाचं पोर्ट असेल तर साध्या यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टरनं काहीच दिसणार नाही.

अडॅप्टर घेताना ४के ६० हर्ट्झ स्पष्ट लिहिलेलं बघा, स्वस्तातले बरेच ३० हर्ट्झवर थांबतात. आवाज सगळ्यांतून जातो, ट्रूएचडीचा बिटस्ट्रीम सगळ्यांतून जाईलच असं नाही. अनुनादनं सांगितलेलं 'सपोर्टेड फॉरमॅट्स'चं पान अडॅप्टर लावून बघा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

तारेबद्दलही लिहून ठेवतो. १८ जीबीपीएससाठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि त्यापुढे 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणपत्राची केबल घ्या, वेष्टनावर स्कॅन करायचं लेबल असतं. तांब्याची तार ४-५ मीटरपुढे नेऊ नका. जास्त लांबी हवी असेल तर अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक संगणकाकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं रिसीव्हरकडे. उलटी लावली तर चित्र येत नाही. भिंतीतून तार ओढण्याआधी दोन्ही टोकं जोडून एकदा चित्र बघून घ्या.

---

मुक्ता_र

शेवटचं एक. ४के ब्लू-रे ड्राइव्ह संगणकात बसवून डिस्क रिसीव्हरमार्फत बघायची आहे. रिसीव्हरमध्ये एचडीसीपी २.२ आहे.

---

षड्ज

अडचण रिसीव्हरपाशी नाही, प्रोसेसरपाशी आहे. संरक्षित ४के डिस्क अधिकृतपणे चालवायला इंटेलचं एसजीएक्स (प्रोसेसरमधली सुरक्षित विभागाची सोय) लागतं आणि ११व्या पिढीपासून इंटेलनं ते डेस्कटॉप कोअर प्रोसेसरांतून काढून टाकलं. नवा संगणक असेल तर तो मार्ग बंद आहे. डिस्कसाठी स्वतंत्र ४के प्लेअर घ्या, तो रिसीव्हरच्या दुसऱ्या १८ जीबीपीएस इनपुटला लावा आणि संगणक फाइलींपुरता ठेवा. म्हणजे पोर्ट मोजताना वेगवान इनपुट किमान दोन धरा, टीव्हीकडे जाणारं आउटपुट वेगळं.